शीड दिसलं की चूल पेटते

खानदेशात तापी ही ओलांडायची नदी आहे. या काठची लेक त्या काठाला दिलेली असते, त्या काठची सोयरीक इकडे. लग्नाची वऱ्हाडं, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी निघालेल्या सासुरवाशिणी, बाजाराची बोचकी, सगळी नदीवरून आडवी गेली. पूल नव्हते तेव्हा भोई आणि कोळ्यांच्या नावा होत्या, त्याही या काठावरून त्या काठापर्यंतच. नदीच्या लांबीनं जायची रीत आमच्याकडे नव्हती आणि त्याला कारणही होतं. मुलताईला उगम पावून सुरतेजवळ डुमसला समुद्राला मिळेपर्यंत तापी ७२४ किलोमीटर वाहते. पण पावसाळा सरला की खानदेशातलं तिचं पात्र डोहाडोहांत तुटायचं, मधे उघडे खडक आणि वाळू. मोगलाईत सुरत-बऱ्हाणपूर हा देशातला मोठा व्यापारी रस्ता आमच्या नंदुरबारावरून जायचा. नदी शेजारी असूनही माल जायचा तो बैलांच्या जिवावर.

मग बॅरेज झाले. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी एकाखाली एक पाणी अडवणारी दारं तापीवर आली. पावसाळ्यात ती उघडी असतात. परतीचा पाऊस ओसरला की बंद होतात आणि नदी भरून उभी राहते. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या पुलावरून खाली पाहिलं की ही आपलीच तापी का, असं वाटावं इतकं रुंद, संथ, निळसर पाणी दिसतं. हजारो वर्षांत पहिल्यांदाच ही नदी लांबीनं प्रवास करण्याजोगी झाली आहे, आणि तसा प्रवास कोणीच करत नाही. ही गोष्ट माझ्या मनात फार दिवस घर करून होती.

मुंबईत नोकरीला असताना मी शीड हाकायला शिकलो. तिथे सरावाला असायच्या त्या एंटरप्राइझ जातीच्या होड्या. चार मीटरच्या आसपास लांबी, दोन माणसांची जागा, पोटाखाली वर-खाली करता येणारं पातं आणि निळी शिडं. या जातीची ओळखच निळ्या शिडावरून होते. पुढे गावी परतलो तेव्हा तसलीच एक जुनी होडी विकत घेतली, डोलकाठी उतरवून टेम्पोत घातली आणि शहाद्याला आणली. सोबत मावसभाऊ. तो तापीकाठचाच शेतकरी. पोहण्यात पटाईत, शिडाशी कधी संबंध आला नव्हता. पण दोरी कधी ओढायची आणि कधी सैल सोडायची हे त्याला माझ्यापेक्षा लवकर उमगलं. बैल हाकलेल्या हाताला ते उपजत असावं.

सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताची यात्रा ऐन भरात होती. मारवाडी, काठेवाडी, पंजाबातले घोडे खुंट्यांना बांधलेले, व्यापारी त्यांना चालवून दाखवत होते. त्या गर्दीतून वाट काढत टेम्पो नदीकडे नेताना लोक आत वाकून बघत होते. घोड्याच्या बाजारात होडी कसली आणली? एका राजस्थानी व्यापाऱ्यानं डोलकाठीवर टिचकी मारून भाव विचारला. विकायची नाही म्हटल्यावर त्यानं आम्हाला चहा पाजला आणि होडी उतरवायला आपली दोन पोरं दिली. यात्रेत जिलेबी खाल्ली, पाटबंधाऱ्याच्या चौकीदाराला दरवाजांचं विचारून घेतलं, अंगात लाइफ जॅकेट घातली आणि बॅरेजच्या खालच्या अंगाला होडी पाण्यात लोटली.

सुरुवातीचा पट्टा अवघडच होता. पाणी उथळ, काळे खडक वर आलेले. पातं वर ओढून, शीड गुंडाळून बांबूनं रेटत जावं लागलं. पुढे प्रकाशाच्या बॅरेजचा फुगवटा लागला आणि पाणी खोल झालं. थंडीत या खोऱ्यात सकाळी वारा जवळजवळ नसतो. पाण्यावर धुकं असतं आणि होडी जागच्या जागी असते. दहा-अकराच्या सुमाराला ईशान्येकडून सातपुड्याच्या अंगानं झुळूक सुटते. आम्ही पश्चिमेकडे चाललो होतो, म्हणजे वारा पाठीशी तिरपा. शीड बाहेर सोडलं की होडी आपसूक निघते. पण तापीच्या दरडी उंच आहेत. गाळाच्या पिवळ्या मातीचे, घळींनी फाटलेले दोन-तीन माणूस उंचीचे कडे, कुठे कुठे त्याहून मोठे. उत्तरेच्या दरडीला बिलगून गेलात की वारा मरतो आणि शीड लोंबकळतं. म्हणून मधून जायचं. मधून जायचं तर मासेमारांची जाळी चुकवायची. पाण्यावर रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजायचं आणि पातं वर घ्यायचं. शिवाय वर बघायचं ते विजेच्या तारांसाठी. डोलकाठी उंच आणि तारा कुठे झोळलेल्या असतील याचा नेम नाही. जिथे शंका आली तिथे आम्ही काठी उतरवून वल्ही मारली.

काठावरचा पहिला माणूस भेटला तो थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळं ओढणारा. त्यानं हाक मारली, "कथाइन उनात भाऊ?" सारंगखेड्याहून, म्हटलं. "मंग कोनता काठले जावानं शे?" मावसभावानं सांगितलं, काठाला नाही, खाली प्रकाशाला चाललोय. त्यावर तो बराच वेळ आमच्याकडे बघत राहिला. नदीत असलेला माणूस कुठल्या तरी काठाला चाललेला असणार, ही त्याची समजूत पिढ्यान् पिढ्यांची होती. मग त्यानं जाळ्यातले दोन रोहू उचलून आमच्या होडीत टाकले. पैसे विचारले तर हात हलवला आणि तराफा वळवला. "लांब जावानं शे तुमले," एवढंच म्हणाला.

शिडाच्या होडीनं जाणाऱ्याचा पाहुणचार वेगळा का होतो, हे मला त्या दिवशी कळलं. मोटारसायकलवर आलेला माणूस अंगणात एकदम उगवतो. घरची बाई हातातलं टाकून उठते, भांड्यांचा आवाज होतो, कोणीतरी दुकानात साखरेला पळतं. शिडाचं तसं नाही. निळं कापड दोन किलोमीटरवरून दिसतं. वळणावर दिसतं, दरडीआड जातं, पुन्हा दिसतं. वारा पडला तर तासभर एकाच जागी दिसत राहतं. काठावरच्या माणसाला आपल्याविषयी विचार करायला भरपूर वेळ मिळतो. कोण असतील, कुठून आले, जेवले असतील का, ही चर्चा आपण पोचायच्या आत होऊन गेलेली असते. आपण होडी लावतो तेव्हा निर्णय झालेला असतो आणि तो आपल्याला फक्त ऐकायचा असतो.

दुपार कलल्यावर दक्षिण काठाच्या एका मळ्याखाली आम्ही होडी लावली. वरून एक आबा काठी टेकत उतरले. रामराम झाला. त्यांच्यामागे आलेल्या मोठ्या माय मला बघून म्हणाल्या, "तुमनं निळं फडकं दखायनं तव्हळच चुल्हा पेटाडा मी. जेवानी येळ व्हयनी, बठा आते." आम्ही थांबणार आहोत की नाही, हे तोवर आमचंही ठरलेलं नव्हतं.

मळ्यात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभी होती, पलीकडे गहू आणि पपई. झोपडीवजा खोलीसमोर कपाशीच्या काड्यांचा जाळ होता आणि त्यात भरताची वांगी. आमच्याकडची ही वांगी जांभळी नसतात. फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, हाताच्या कोपरापर्यंत भरतील अशी लांब. मायनं त्यांच्यावर आधीच तेलाचा हात फिरवून काडीनं टोचे मारले होते. पऱ्हाटीचा जाळ लवकर भडकतो आणि लवकर बसतो, म्हणून वांगं सारखं फिरवावं लागतं. साल काळी होऊन सुटायला लागली, देठाजवळ रस बुडबुडायला लागला की ते भाजलं. मग साल काढून गर बडगीत. बडगी म्हणजे लाकडाचं कोरलेलं लांबट भांडं, आमच्या होडीचंच धाकटं भावंड वाटावं असं. त्यात हिरव्या मिरच्या, लसूण घालून लाकडी मुसळीनं ठेचायचं. पार लगदा करायचा नाही, रेषा राहिल्या पाहिजेत. शेंगदाणे तेलात तडतडले, कांद्याची पात पडली, आणि त्या वासानं मावसभाऊ बोलायचा थांबला. सोबत कळण्याच्या भाकरी. ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळलेलं ते पीठ थापायला चिकट, पण मायच्या हाताखाली भाकरी गोल फिरत होती. आम्ही आणलेले रोहूही तिनं तव्यावर टाकले. घरात खाणारे आबा एकटेच. तिनं स्वतः घेतले नाहीत, पण तळताना जराही कुरकुरली नाही.

जेवताना आबा नदीबद्दल बोलत होते. त्यांची लहानपणची तापी उन्हाळ्यात पायी ओलांडायची होती. बॅरेज झाले तेव्हा वाटलं होतं की शेत भिजणार. पाणी आलंही, अगदी दरडीखाली येऊन उभं राहिलं. पण दरडीवरून शेतात चढेना. तापीकाठच्या २२ सहकारी उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्या, ही इकडच्या प्रत्येक घरात माहीत असलेली गोष्ट आहे. येताना आम्ही त्या बघतच आलो होतो. पाण्यात उभ्या असलेल्या काँक्रीटच्या उंच विहिरी, त्यांच्याकडे जाणारे गंजलेले पाइप. मला त्या नुसत्या खुणा वाटल्या होत्या. आबांच्या तोंडून ऐकताना त्यांच्यामागची वाया गेलेली उमेद दिसली. समोर एवढं पाणी असून ज्यानं स्वतःच्या मोटारीवर, स्वतःच्या कर्जावर गहू भिजवला, तो माणूस त्याच पाण्यावरून मजेखातर आलेल्या दोघांना वाढत होता, आणि वाढताना त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. मला घास गिळायला जरा वेळ लागला.

आम्ही होडीशेजारी तंबू लावायचं म्हणालो. आबांनी ते उडवूनच लावलं. या पट्ट्यात ऊस आहे आणि उसात बिबट्या असतो. शहादा-तळोद्याकडे ही रोजची धास्ती आहे. झोपायचं ते खोलीत, दार लावून. खोलीत खाट एकच. आबांनी ती मला दिली, मावसभावाला खाली गोधड्यांची थप्पी. आणि तुम्ही, असं विचारलं तर म्हणाले, मला कुठे झोपायचंय, थ्री फेजची लाइट रात्री येते, गव्हाला पाणी द्यायचंय. डोक्याला मफलर गुंडाळला, बॅटरी आणि फावडं घेतलं आणि ते निघाले. मावसभाऊ उठून त्यांच्यामागे गेला. मीही गेलो. दारं मोडायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, मला जमलं नाही, मी बॅटरी धरली. थंडी अशी की पायाखालचं भिजलेलं रान चटका देत होतं. पहाटे लाइट गेली तेव्हा आबा बांधावर बसून बिडी ओढत होते आणि मावसभावाला त्याच्या शेतातल्या वाफ्यांबद्दल विचारत होते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समुद्राच्या आतल्या अंगानं एक जलमार्ग आहे. खाड्या, नद्या आणि खोदलेले कालवे जोडून केलेला, हजारो किलोमीटरचा. थंडी सुरू झाली की शिडाच्या होड्या त्यातून दक्षिणेकडे निघतात. वाटेत उत्तर कॅरोलायनात एलिझाबेथ सिटी नावाचं गाव लागतं. तिथे १९८३ साली फ्रेड फिअरिंग आणि जो क्रेमर या दोघांनी धक्क्याला लागणाऱ्या होड्यांचं स्वागत सुरू केलं. होडीवरच्या बाईला बागेतला गुलाब आणि सगळ्यांना खाणंपिणं. पुढे ती गावाची रीतच झाली, गुलाबवाल्यांचं नाव होडीवाल्यांमध्ये दूरवर पोचलं. मी ते वाचलं होतं तेव्हा मला त्या गावाचा हेवा वाटला होता. आता वाटत नाही. तिथे होड्या वर्षानुवर्षं येत होत्या, मग रीत घडली. आमच्या काठाला शीड पहिल्यांदाच दिसत होतं आणि रीत आधीच तयार होती.

सकाळी निघताना मी पाकीट काढलं. शहरात राहून हात तसा वळतो. मायनं माझ्याकडे न बघताच सांगितलं, "पैसा खिसामाच राहू द्या." आणि एक स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला, वर फडक्याची घट्ट गाठ. धाकटी लेक प्रकाशाच्या अंगाला दिलेली. माहेरी बाळंतपण होऊन, सव्वा महिना पुरा करून नुकतीच सासरी परतलेली. तिच्यासाठी डिंक-मेथीचे लाडू. तुम्ही तिकडेच चाललात ना, मग न्या. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. तोवर आमची होडी हा एक तमाशा होता. डबा ठेवल्यावर ती कामाची झाली.

त्या दिवशी वारा छान होता. डबा डोलकाठीच्या बुडाशी दोरीनं बांधला. बगळे, पाणकावळे, कुठे कुठे पाण्यात उतरलेल्या म्हशी. एका वळणावर जलपर्णीचा पट्टा आडवा आला, त्यातून वल्ह्यांनी वाट काढली. दुपारी प्रकाशाची देवळं दिसायला लागली.

प्रकाशाला आम्ही दक्षिणकाशी म्हणतो. गोमाई इथे तापीला मिळते. काशी करून आलेल्यानं इथे केदारेश्वराला यावं, नाहीतर यात्रा पुरी होत नाही अशी श्रद्धा आहे. गंगेत स्नान, नर्मदेचं दर्शन आणि तापीचं नुसतं स्मरण पुरतं, असंही जुनी माणसं सांगतात. याच गावाच्या पांढरीत १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उघडे केले. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीही या दरडीवर चुली होत्या, रंगवलेली मडकी होती. खालून होडीतून दरडीकडे बघताना ते सगळं फार जवळचं वाटतं. रस्त्यानं मी या गावी कितीदा आलो होतो, पण गाव नदीकडे तोंड करून बसलेलं आहे हे पाण्यावरून आल्यावरच दिसलं.

लेकीचं घर शोधावं लागलं नाही. मायचा फोन आधीच गेलेला होता आणि घरधनी काठावर येऊन उभा होता. पुन्हा बसा, पुन्हा ताट. या वेळी शेवभाजी, इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी आलं आणि सासूबाईंनी न विचारता ताकाचा तांब्या पुढे सरकवला. लेकीनं लाडू मोजले नाहीत, फडकं तेवढं नाकाशी धरलं. बाळाला आणून माझ्या मांडीवर दिलं. निघताना सासूबाईंनी डबा परत आणला तो जड होता. नवा गूळ भरलेला. भांडं रिकामं पाठवत नाहीत, आणि पाठवायचं कोणाबरोबर, तर तुमच्याबरोबर.

आमचा बेत खरं तर इथेच होडी टेम्पोत घालायचा होता. टेम्पोवाल्याला मावसभावानंच फोन करून नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी, वारा सुटल्यावर आम्ही उलटे निघालो.

वारा आता समोरून. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याला तिरपं धरून उत्तरेच्या दरडीपर्यंत जायचं, तिथे वळायचं, शीड दुसऱ्या अंगाला घ्यायचं आणि दक्षिणेच्या दरडीपर्यंत यायचं. पुन्हा वळायचं. दर खेपेला थोडं वर सरकायचं. मावसभाऊ वळताना आडव्या काठीखालून डोकं काढायला सरावला होता, सुकाणू बराच वेळ त्याच्याकडेच होतं. दरडीजवळ वारा मरायच्या आत वळलं पाहिजे, हा अंदाज त्याला बरोबर यायला लागला. मळा दिसायला लागल्यावरही तिथे पोचायला उरलेली दुपार लागली. काठाला लागलो तेव्हा आबा दरडीवरच बसलेले होते. डबा त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो हातात तोलून पाहिला, मग आमच्याकडे बघून म्हणाले, "दुफारपाईन दखी ऱ्हायनू तुमले. आथा जातस, तथा जातस. मायनी दोनदाव वरण तपाडी ठेवं. चाला वर."